ओ लिहायचा, अ म्हणायचा

राजूरच्या अलीकडे एका लहानशा कोळसा खाणीच्या वस्तीत आमचा संसार सुरू झाला. दोन खोल्यांची क्वार्टर, मागे न्हाणी, पुढे कोळशाच्या धुळीने काळवंडलेला कडुलिंब. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पितळी वाट्या उपड्या घातलेल्या असत आणि त्या सारख्या बारीक वाजत राहायच्या. आलेल्या पाहुण्याला वाटायचं, घरात उंदीर आहे. उंदीर नव्हता, खाणीचा पंखा होता. खाणीच्या तोंडाशी बसवलेला तो पंखा आतली खराब हवा ओढून बाहेर फेकायचा आणि त्याची घरघर जमिनीतून आमच्या भिंतीत, भिंतीतून फळीत यायची. आवाज चालू आहे म्हणजे आत गेलेला माणूस श्वास घेतो आहे, एवढं वस्तीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. वीज जाऊन तो मध्येच थांबला की दारादारांत बायका उभ्या राहायच्या. त्या आवाजाची मला कधी सवय झाली नाही, आणि तो थांबला की हातातलं काम टाकून मीही दारात यायची.

मी मूळची वणीची. छप्पन साली आपला मुलूख नव्या मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास मला शाळेत नोकरी लागली. खाणीच्या वस्तीतली शाळा म्हणजे एक पत्र्याची खोली. मुलांच्या घरी कुठे गोंडी, कुठे कोलामी, कुठे तेलुगू, कुठे हिंदी. ज्यांच्या घरी मराठी, त्यांच्या घरी आपली वऱ्हाडी. पुस्तकात लिहिलेलं असायचं 'मला' आणि पोरं ठणठणीत आवाजात वाचायची 'मले'. तपासनीस आले की कान टवकारून नेमका तेवढा 'मले' शोधायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी तेव्हा तरुण होते, तापट होते, आणि बाई म्हणून कुणी मला कच्ची समजू नये याची मला फार काळजी. "जसं लिहिलंय तसं बोला!" हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ओरडले असेन की पोरं खेळताना माझी नक्कल करायची.

तीच शिस्त घरीही. आमचे हे खाणीत पंपांचे आणि पंख्याचे मिस्त्री. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये हात बसलेला, तिथून इकडे आलेले. कामावरून आले की उंबऱ्यातूनच म्हणायचे, "मले चहा दे व."

"मला," मी आतून म्हणायची.

"तुले बी घे न. पण पयले मले दे."

चहा द्यावा लागायचा.

जुनी खाण उथळ होती. तिला एक लहानसा देशी पंखा पुरायचा. मग काम खोल गेलं आणि साठीच्या सुरुवातीला कधीतरी लाकडी पेट्यांतून नवा पंखा आला, एक नवा पंप आला आणि ते जोडून द्यायला एक रशियन साहेब आला. सोबत दुभाषा. पेटीपेटीवर, झडपेझडपेवर काळ्या अक्षरांच्या पत्र्याच्या पाट्या. ऑफिसातल्या कारकुनाने पंपावरची पाटी मोठ्या ऐटीत इंग्रजी समजून वाचली, "हॅकॉक." झालं, सगळ्या खाणीत त्या पंपाचं नाव हाकोक पडलं. रशियन साहेब मात्र त्याच पाटीवर बोट ठेवून म्हणायचा, "नसोस." कारकून म्हणाला, या साहेबाला स्वतःची भाषा वाचता येत नाही.

मला ते ऐकून चैन पडेना. साहेबाने जाताना ह्यांना अक्षरांचा एक छापील तक्ता दिला होता, प्रत्येक अक्षराशेजारी चित्र. दुभाष्याने त्यावर आवाज देवनागरीत लिहून दिले होते. तो आम्ही चुलीशेजारच्या भिंतीवर खळीने चिकटवला. तेव्हा कळलं की जो इंग्रजी एच दिसतो तो न आहे, सी दिसतो तो स, पी दिसतो तो र, आणि आर उलटा केला की 'या'. तो उलटा आर म्हणजे नुसतं अक्षर नाही, अख्खा शब्द आहे, 'या' म्हणजे 'मी', असं दुभाष्याने सांगितलं होतं. ह्यांना ते इतकं आवडलं की खाणीतल्या आपल्या पितळी बिल्ल्यावर त्यांनी खिळ्याने तेच अक्षर कोरलं. म्हणाले, "सायबाच्या भाषेत मी."

अक्षरं आली तरी वाचन येईना. मी पाटी बघून म्हणायची 'खोरोशो', म्हणजे छान, आणि साहेब जे बोलायचा ते आठवून हे म्हणायचे, "खरशो म्हणे तो. तीन ओ लिवले, बोलला एकच." दोघं डोकं खाजवत बसायचो. पुढे उलगडलं. रशियन शब्दात एका जागी जोर असतो. जिथे जोर तिथला ओ ओ राहतो, बाकीचे ओ मान टाकून अ होतात. आणि जोर कुठे, ते कुठेही लिहिलेलं नसतं! ते बोलणाऱ्याकडूनच कळायचं. शब्दाच्या शेवटी ब असला तर प म्हणायचा, द असला तर त. 'सिवोद्न्या' म्हणजे आज, त्यात लिहायचा ग आणि म्हणायचा व. मला संताप यायचा. मी म्हटलं, असल्या भाषेच्या शाळेत मास्तरांनी काय करायचं?

"म्हंजे घरातल्या सुनाईवानी हाये," हे म्हणाले. "एक सासू बोलते, बाकीच्या खाली मान घालून अ, अ करते. लिवलेल्या त साऱ्याच असते न घरात."

मी हसले, पण मनात कुठेतरी टोचलं. आपली मराठी काय लिहिल्यासारखी बोलते? 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. अक्षरं तीच, दोन्हींतला ज वेगळा, आणि कुणी तो आपल्याला शिकवलेला नाही. आपण आईच्या तोंडून घेतलेला असतो. हे सगळं मला रशियन तक्त्यासमोर बसून कळावं याचं नवल वाटलं. पण शाळेत जाऊन मी 'मले'वर पुन्हा तशीच खेकसले.

पंखाघराच्या दारावर एक लांब पाटी होती. ती मला सगळ्यात आधी पाठ झाली, कारण तिच्यावरून एकदा मोठा तमाशा झाला होता. पंखा पहिल्यांदा चालू झाला तेव्हा आपल्या लोकांनी नारळ फोडला, शेंदूर लावला. साहेब हसून बघत होता. मग पाळीवरच्या सरदाराने, म्हणजे मजुरांना आत नेण्या-आणण्याची जबाबदारी असलेल्या म्हाताऱ्याने, नारळाचं पाणी नीट शिंपडता यावं म्हणून पंखा थांबवायला कळीकडे हात नेला. साहेबाने झडप घालून त्याचं मनगट धरलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. पाटीवर बोट आपटत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि दुभाष्याने सांगितलं, "लिहिलंय, माणसं खाणीत असेपर्यंत थांबवायचा नाही." सरदार मनगट चोळत म्हणाला, "ठीक हाये. मानसं नसली का मंग थांबवू."

पाटीवर अक्षरांनी लिहिलेलं होतं, 'ने ओस्तानाव्लिवात्य, पोका ल्यूदी व शाख्ते.' साहेब म्हणायचा, 'नि अस्तनाव्लिवत्य, पका ल्यूदि फ्शाख्ति.' त्यातला 'व' एकटाच उभा आहे, खाणी'त' मधल्या त सारखा, पण शेजारच्या 'श'ला बघून तो चक्क फ होतो. मी ते वाक्य भाकऱ्या थापताना म्हणायची. सरदाराला फार कौतुक. येता-जाता मला थांबवायचा, "बाई, रशियाचा मंतर म्हना बरं." मी म्हणायची आणि तो हात जोडायचा. त्याचं ते हात जोडणं मला आवडायचं नाही. अर्थ ठाऊक असलेल्या वाक्याला कुणी हात जोडले की त्यातला अर्थ हळूहळू कुणी ऐकेनासं होतं, असं काहीसं तेव्हा मनात येऊन गेलं होतं. पण म्हातारा माणूस, त्याला काय तोडून बोलायचं?

दसऱ्याला अवजारांची पूजा तर आपल्याकडे घरोघरी. खाणीतही जुनी रीत होती. कुदळी, टोपल्या, बत्त्या, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आणि त्या दिवशी अवजाराला विसावा. कुणी हात लावायचा नाही. बिल्लेही त्यातच आले, कारण मजुराला बिल्ल्यावाचून रोजी मिळत नाही. एरवी बिल्ल्यांची पद्धत अशी होती की आत जाताना बत्तीघरातून बत्ती घ्यायची आणि आपला बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला टांगायचा. वर आलं की बत्ती परत, बिल्ला पेटीत. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस आत. अडाणी माणसालाही कळेल अशी पद्धत होती, वाचायची गरजच नाही.

त्या वर्षी पाऊस पार दसऱ्यापर्यंत चालला होता. दसऱ्याच्या दिवशी सकाळीच ह्यांच्या मनाने घेतलं की हाकोक बघून यावं. पाणी साचायचा खड्डा खाणीत सगळ्यात खोल जागी, आणि पंप एक दिवस बंद राहिला तर दुसऱ्या दिवशी खालचं काम पाण्यात. मी म्हटलं, आज सण, कुणालातरी सोबत न्या. "सनाच्या दिवशी कोन येते? उतरलो का आलो. पूजेच्या आंधी वरते." नवा सदरा माझ्या हातात दिला, जुना घातला. उंबऱ्यात थांबून म्हणाले, "येतो व." आपल्याकडे घरातून निघणारा 'जातो' म्हणत नाही, तसेच तेही कधी म्हणायचे नाहीत. मी पुरणाच्या गडबडीत होते. बघितलंही नाही मी त्यांच्याकडे.

खाण उताराची. पाळणा नाही, दोर नाही, पायी चालत आत जायचं, म्हणून तोंडाशी कुणी नोंद घेणारं असायचंच असं नाही. ह्यांनी बत्ती घेतली, बिल्ला फळ्याला टांगला आणि गेले.

पुरण वाटून झालं आणि मला जाणवलं की वाट्या वाजत नाहीयेत. मी हात धुऊन दारात आले. समोरच्या दारात तेलुगू शेजारीण तशीच उभी. ती म्हणाली, "पूजा है न, बाई. धो रहे पंखा." खरंच होतं. सणाचा दिवस, आत कुणी नाही, पंख्याला आंघोळ. मी परत चुलीशी आले, पण ती शांतता मला सोसवेना. भिंतीला हात लावून बघितला. भिंत मेल्यासारखी गार होती. मी मनाशी म्हटलं, हे आले असतील वर, तिकडेच रमले असतील.

दुपार कलायला आली तरी हे जेवायला नाहीत. तेवढ्यात सरदाराचं बोलावणं आलं की पूजा लागते आहे, बाईंनी येऊन मंतर म्हणावा. मी नवी साडी नेसले आणि ह्यांचा नवा सदरा हातात घेऊन निघाले. पंखाघरापुढे सगळी वस्ती जमलेली. पंख्याला झेंडूचे हार, कळीवर शेंदूर, पाती धुऊन चकचकीत. पुढे बत्त्यांच्या रांगा आणि परातीत बिल्ल्यांचा ढीग. मागे बत्तीघराचा फळा धुऊन काढलेला, त्यावर हळदीचं स्वस्तिक. मी सरदाराला विचारलं, "हे कुठे आहेत?"

"आंघोळीले गेले असन."

"पंपाकडे गेले होते सकाळी."

"मंग आले असन न वरते. फळ्यावर कोनाचा बिल्ला नाही, बाई. आत कोनी नाही. म्हना तुमी."

लोक वाट बघत होते. मी पाटीसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले. 'नि अस्तनाव्लिवत्य' म्हटलं. 'पका ल्यूदि' म्हटलं. ल्यूदि म्हणजे माणसं, तिथे माझी नजर खाली परातीकडे गेली. झेंडूच्या पाकळ्यांत, कुंकवाच्या बोटाखाली, उलटा आर.

पहिल्यांदा मला हायसं वाटलं, देवाशपथ. बिल्ला फळ्यावरून उतरला म्हणजे माणूस वर आला. मग मी बत्त्यांच्या रांगेत ह्यांची बत्ती शोधली. तिच्या कडीला माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली असायची. एकेका बत्तीची कडी बघत गेले. कुठे चिंधी नाही.

"पुढं म्हना, बाई," सरदार म्हणाला.

"हा बिल्ला कुठून घेतला?"

तो वाकला, बघितलं. "हा... हा फळ्यावर व्हता एकटाच. कालचा कोनी विसरला असन म्हनून..." आणि तो खाणीच्या तोंडाकडे वळला.

मी उरलेलं वाक्य मराठीत ओरडले. शाळेत ओरडायची तशी. माणूस आत असेपर्यंत थांबवायचा नाही! माणूस आत आहे! कुणीतरी हार ओरबाडले, कुणी कळ दाबली, शेंदराने माखलेला हात घसरला, पुन्हा दाबली. पात्यांतून झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. पंखा घरघरायला लागला आणि मी खाणीच्या तोंडाकडे पळाले, पण लोकांनी मला धरलं. खराब हवा जड असते, ती आधी खड्ड्यात, सगळ्यात खोल जागी साचते, आणि ती निघेपर्यंत जो जाईल तो परत येणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही. तरी मी त्यांना चावले, ओरबाडलं, वाट्टेल ते बोलले. माझ्या आजोबांच्या वयाच्या सरदाराला मी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बत्ती पेटवून पुढे झाला. हवा पुरती निघायच्या आतच तो उतरला. त्यामागे दोघं गेले.

ह्यांना वर आणलं तेव्हा श्वास होता. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. नवा सदरा माझ्या हातातच होता, तोच मी त्यांच्या अंगावर घातला. खाणीच्या ट्रकने यवतमाळला नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला बराच वेळ हवा कमी पडली. माणूस वाचेल. वाचा परत येईल की नाही, सांगता येत नाही.

माणूस वाचला. डाव्या पायात जोर कमी, पण चालायला लागले. समजायचं सगळं. हाक मारली की बघायचे, जेवायला वाढलं की जेवायचे, रडूही यायचं त्यांना. फक्त आवाज नाही. तोंड उघडायचं, जीभ हलायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि बाहेर नुसती हवा. मी चुलीजवळच्या तक्त्यासमोर त्यांना बसवायची. न म्हटलं की बोट बरोबर एचवर. मी म्हटलं, "तुम्ही कोण?" तर बोट उलट्या आरवर गेलं आणि तिथेच थांबलं. अक्षरं सगळी जाग्यावर होती. मी पदराने तोंड झाकून न्हाणीत गेले आणि पाणी ओतत राहिले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

वीज जाऊन पंखा थांबला की ते खाटेची कड धरायचे. बोटं पांढरी व्हायची. मी त्यांच्यासमोर बसून राहायची, आणि वाट्या पुन्हा वाजायला लागल्याशिवाय त्यांची बोटं सुटायची नाहीत.

सरदार पुढे दर आठवड्याला येऊन उंबऱ्यात बसायचा. वस्तीत म्हणत, बाईंनी त्याला माफ केलं. मी केलं नाही. त्याने जिवावर उदार होऊन ह्यांना वर आणलं हे मला कळतं, आणि बिल्लाही त्यानेच काढला हेही कळतं. मी त्याला चहा द्यायची, एवढंच. त्यानंतर दसऱ्याला फळ्याला कुणी हात लावला नाही आणि पंखा चालू ठेवूनच लांबून हळदकुंकू उधळायचे. मंतर म्हणायला मला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मी शाळेतून पहिलीचं पुस्तक आणि पाटी घरी आणली. शाळा सुटली की ह्यांची शाळा. मी शब्दावर बोट ठेवून सावकाश म्हणायची, ते माझ्या ओठांकडे बघायचे. दिवाळी गेली, थंडी गेली. कधी 'आ' यायचा, कधी घोगरा 'म', आणि पुन्हा कित्येक दिवस काही नाही. मला राग यायचा. त्यांचा नाही, त्या लिहिलेल्या अक्षरांचा. इतकी ठसठशीत छापलेली, आणि आवाज एकाचाही नाही.

उन्हाळ्यातली दुपार होती. पुस्तकात वाक्य होतं, 'मला पाणी हवे आहे.' मी 'मला'वर बोट ठेवलं. म्हटलं, "मला." पुन्हा म्हटलं. त्यांनी ओठ मिटले. कपाळावर घाम आला. गळ्यातून आधी घरघर निघाली, मग म, आणि मग सगळं अंग लावून त्यांनी शब्द बाहेर ढकलला.

"म... ले."

माझं बोट 'मला'वरच होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घाबरून, मी आता दुरुस्त करणार म्हणून. आणि पुन्हा, जरा स्पष्ट, "मले."

मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. पाटी पदराने पुसली, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'मले' लिहिलं आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. मग उठून त्यांना पाणी दिलं.